खामगावचं जिनिंग आणि लाल पट्टीचा रोल

वेंगुर्ल्याहून खामगावला कोणी मुद्दाम जात नाही. आमच्या वाडीतली दोन माणसं शेगावला दर्शनाला जाऊन आली आहेत, तीही आल्या पावली परत फिरलेली. त्यामुळे मी बुलढाणा जिल्ह्यात सहा दिवस राहून आले हे कळल्यावर शेजारच्यांनी आधी प्रसाद मागितला. माझ्याकडे प्रसाद नव्हता. हातभर लांबीची काळी फिल्म होती, आणि तिच्यात एक माणूस डोकं खाली, पाय वर करून चालतो आहे. बहिणीने ती दारात जाऊन उन्हासमोर धरली, बराच वेळ बघितली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "ह्यां घरात ठेवू नको." का ठेवली आहे ते तिला नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

माझी शाळा सातवीत सुटली. त्यानंतर कुडाळच्या एका फोटो स्टुडिओत पंधरा-सोळा वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्या. मोबाईल आले, स्टुडिओ बंद पडला, मी काजूच्या कारखान्यात लागले. तिथे एक दिवस रेवतीताई माझा पत्ता शोधत आल्या. त्या पुण्याच्या. जुन्या, मोडक्या कॅमेऱ्यांवर फिल्म काढतात. त्या फिल्ममध्ये गोष्ट नसते, गाणं नसतं. भिंतीवरून सरकणारं ऊन असतं, नाहीतर पाण्यात भिजवून खराब केलेलं चित्र असतं. फिल्म हाताने धुणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि स्टुडिओच्या मालकाने सांगितलं होतं की सुनंदाचा हात अंधारात चालतो. काजूच्या तेलाने सोललेली बोटं मी पदराखाली लपवली होती. ताईंनी हात बाहेर काढायला लावला, बघितला आणि म्हणाल्या, "सोमवारी या." तेव्हापासून दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर आहे. एवढं सांगितलं म्हणजे पुढे मी खोटं का बोलले ते कळेल.

जलंब ते खामगाव

ताईंनी जुन्या बाजारात एक चावीचा कॅमेरा घेतला होता. घड्याळासारखी चावी द्यायची, कळ दाबली की तो घरघरत फिल्म ओढतो. सोबत तीन न वापरलेले रोल होते, दोन पांढरी पट्टी लावलेले आणि एक लाल. पेटीच्या झाकणावर खामगावच्या एका फोटो स्टुडिओचं अर्धवट फाटलेलं लेबल होतं. तेवढ्यावर ताईंनी ठरवलं की कॅमेऱ्याला त्याच्या गावी न्यायचं आणि तिथे त्याला जे दिसेल ते काढायचं.

निघण्याआधी माझ्याकडे एक काम होतं. प्रत्येक रोलचं टोक कापून धुवून बघायचं, फिल्म जिवंत आहे की नाही ते. पांढऱ्या पट्टीचे दोन मी बघितले, ठीक होते. लाल पट्टीचा राहू दिला. आमच्या स्टुडिओत लाल पट्टी म्हणजे कोरा माल, मालकाने सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. ती सवय हातात इतकी मुरलेली की ती पट्टी सोलायला माझी नखं पुढेच जाईनात.

जलंबला मोठी गाडी सोडून खामगावच्या छोट्या गाडीत बसलो. एप्रिलचं ऊन. खिडकीबाहेर काळी, भेगाळलेली जमीन, कापूस उपटून झालेली, आणि बांधावर एखादं कडुनिंब. आमच्याकडे नजर टाकली की दहा पावलांवर झाडाला अडते. इथे ती कुठेच अडत नव्हती आणि मला उगाच धाकधूक होत होती. मी तिसऱ्यांदा बॅगा मोजत होते तेव्हा मांडीवरची पिशवी घरघरायला लागली.

कॅमेऱ्याची कळ कोणी दाबली नव्हती. पिशवीची चेनही बंद होती.

समोरची म्हातारी पाय वर घेऊन बसली. "काय व्हय माय त्यात? उंदीर हाय काय?"

"कॅमेरा आहे, आजी."

"मंग काऊन गुरगुरून राह्यला? गाव ओळखलं काय त्यानं आपलं?"

डब्यातले लोक हसले. मीही हसले. ताई म्हणाल्या, उन्हाने आतला खटका सैल होतो, जुन्या कॅमेऱ्याचं असंच. खामगाव येईपर्यंत कॅमेरा रोल संपवूनच गप्प झाला होता. पांढऱ्या पट्टीचा एक रोल त्यात गेला, पिशवीतला अंधार काढण्यात.

सादिकभाईंची हाक

रुईच्या गाठींवर उभं राहिलेलं हे गाव. आता बरीच जुनी जिनिंगं, कापसातली सरकी काढायचे कारखाने, बंद आहेत. त्यातल्या एका बंद जिनिंगमध्ये शूटिंग करायला मालकाने एक सकाळ दिली होती, एकच, कारण यंत्रं भंगारात विकली गेली होती आणि शनिवारी गॅसकटरवाले येणार होते. राखणदार सादिकभाई. पासष्टीचे, डोक्याला रुमाल, दातात काडी. तरुणपणी तिथेच कामाला होते. फाटकाला लागूनच त्यांची खोली आहे. आमची राहायची सोयही त्यांनीच पलीकडच्या जुन्या ऑफिसात केली.

पहिल्या संध्याकाळी त्यांच्या बायकोने, रजियाभाभींनी, ज्वारीच्या भाकरी आणि आलू-वांग्याची भाजी वाढली. नारळाचा मागमूस नाही, तेलाचा लाल तवंग, आणि तिखट असं की डोळ्यांना धार लागली. भाभी म्हणाल्या, "तुमच्या इकडं रोज मासोळी खातेत म्हने. काटे निवडू निवडू पोट भरते काय?" बहिणीचा फोन आला, "थंय खावक काय गावता?" तिथे खायला काय मिळतं, एवढीच तिची काळजी. मी नाक पुसत म्हटलं, खूप गावता. खरंच, परक्या गावात तिसरी भाकरी न मागता ताटात येते, तेव्हा माझ्यासारखीला काय वाटतं ते लिहिता येत नाही.

सकाळी सात वाजता आम्ही जिनिंगच्या मोठ्या दाराशी उभे राहिलो. सादिकभाईंनी कुलूप काढलं, पण दार ढकललं नाही. फटीला तोंड लावून ते मोठ्याने नावं घ्यायला लागले.

"गनपत." थांबले. "शेषराव." थांबले. "पुंजाजी. कासम. रहेमान."

प्रत्येक नावानंतर एका श्वासाएवढं थांबणं. शेवटी "लक्ष्मण" म्हणाले आणि या नावाला जास्त वेळ थांबले. इतका वेळ की मी ताईंकडे बघितलं. मग त्यांनी दार उघडलं.

"आत कोणी आहे?" ताईंनी विचारलं.

"कोनी नाही मॅडम. यंत्र चालू कराच्या आधी मुकादम नाव घेये सगळ्याईचं. पट्ट्यात कोनाचा हात नसो, वर शाफ्टावर कोनी नसो. हरेकानं हाव म्हनलं का मंगच पट्टा चढे."

"पण आता यंत्रच चालू नाही."

"हाव ना. पन इचारल्याबिगर कसं खोलाव?"

आत शिरल्याबरोबर कानात कापूस घातल्यासारखं झालं. खरोखर कापूसच होता. तुळयांवर, तारांवर, जाळ्यांवर वर्षानुवर्षांची रुई लोंबत होती, म्हातारीच्या केसांसारखी. आपलं पाऊल आपल्याला ऐकू येत नव्हतं. दोन्ही बाजूंना यंत्रांच्या रांगा, वर छपरालगत इकडून तिकडे गेलेला लोखंडी शाफ्ट, त्याच्या कडेने तेल घालणाऱ्याला चालायला एक अरुंद फळी, आणि फळीवर चढायला लोखंडी शिडी. आमच्याकडे बंद घरात शिरलं की कुबट ओल येते. इथे कोरडा, गोडसर, सरकीचा वास होता, आणि कोणीतरी आत्ताच बाहेर गेल्यासारखी हवा.

पांढऱ्या पट्टीचा उरलेला रोल चढवला. वीस सेकंदांत आत कटकट झाली. उघडून बघितलं तर फिल्म तुटून चुरा झाली होती. वाळलेल्या पानासारखी.

ताईंनी कपाळावरचा घाम पुसला. "लाल दे. तपासला होतास ना?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. खोटं बोलायला मागे वळून बघायलाही लागलं नाही. लाल पट्टी सोलून रोल चढवला, चावी दिली, कॅमेरा तिकाटण्यावर, तीन पायांच्या स्टँडवर, लावला. ताईंच्या मनात एकच लांब शॉट होता. सादिकभाई दारातून येतील, मोठं चाक हाताने एक फेरा फिरवतील, वरचा शाफ्ट हलेल, कॅमेरा खालून वर बघेल. पावणेतीन मिनिटांचा रोल, पुन्हा संधी नाही. ताई म्हणाल्या, "भाई, मघासारखी नावंसुद्धा घ्या."

सादिकभाई दाराबाहेर गेले. गनपत. शेषराव. पुंजाजी. कासम. रहेमान. लक्ष्मण.

शांतता.

आणि त्या शांततेत कॅमेरा चालू झाला. ताईंचा हात कळीपासून वीतभर लांब होता. माझे दोन्ही हात पिशवीत होते. ताईंनी मला ओठांवर बोट ठेवून खुणावलं, चालू दे. सादिकभाई आत आले, चाक ओढलं, वर कुठेतरी करकरलं आणि रुईचा एक पुंजका सावकाश, फार सावकाश खाली उतरत आला. रोल संपेपर्यंत कॅमेरा थांबला नाही. मध्ये एकदाही चावी द्यावी लागली नाही, आणि एरवी अर्ध्या मिनिटाला द्यावी लागते.

डोणगाव

दुसऱ्या दिवशी मेहकरच्या बसने निघालो, तिथून डोणगाव. स्टुडिओवाल्याचा मुलगा तिथे बी-बियाण्यांचं दुकान चालवतो असं कळलं होतं. बाजाराचा दिवस, रस्त्यात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर एकमेकांत अडकलेले. ताई बाहेर रसवंतीपाशी बसल्या, त्यांना ऊन लागलं होतं. मी एकटीच दुकानात गेले.

मुलगा पन्नाशीचा, पोती मोजता मोजता बोलत होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. "बाबाले नाद होता तुमच्यासारखाच. जिनिंगवाल्या शेठनं बोलावलं होतं त्याईले, दसऱ्याच्या पूजेले. सगळं कामकाज काढलं. पन ते फिल्म धुवाले मुंबईले पाठवा लागे. तेवढ्यात जिनिंगमधी माणूस मेला, शेठ म्हणे आता नको. ते तशीच राह्यली डब्यात."

"कोणता डबा, ते आठवतं?"

"लाल पट्टी. काढून झाली का बाबा लाल पट्टी लावे. कोरीले पांढरी."

मी काउंटर धरला. त्याने पाणी दिलं. "उन्हाचं होते असं. गूळ खा."

गूळ खाल्ला. कोऱ्या रोलवर नव्हे, दुसऱ्याच्या काढलेल्या रोलवर आम्ही काढून बसलो होतो. तोही गुंडाळून परत न फिरवता, त्यांचं शेवटचं टोक आधी. म्हणजे त्यांचं चित्र आमच्या चित्रात येणार, उलटं, डोकं खाली. ताईंचा एकुलता एक शॉट, आणि तोही शनिवारनंतर असणारच नव्हतं अशा जिनिंगचा. परतीच्या रस्ताभर ताई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. मेहकरला एकदा जाग आली तेव्हा म्हणाल्या, "काय म्हणाला तो?"

"काही नाही. वडील वारले म्हणाला."

वारले हे खोटं नव्हतं.

बादलीतलं चित्र

सरकीच्या रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांना आम्ही पोती ठोकली. बादलीत कॉफीची पूड आणि धुण्याचा सोडा. ताईंचं हे गावठी रसायन असतं, वास असा की भाभी तोंडाला पदर लावून लांब पळाल्या. दार बंद झालं. अंधारात माझा हात चालतो हे खरं आहे. पण त्या दिवशी फिल्म हाताखालून जाताना मला सारखं वाटत होतं की ती पलीकडूनही कोणीतरी धरली आहे. मी थांबले की ती थांबे. मी ओढली की जरा मागे ओढ बसे. मनात म्हटलं, सुनंदा, ही तुझी भीती आहे, तू खोटं बोललीस म्हणून. तरी पाण्यात बोटं हलवत राहिले.

फिल्म धुवून तिथेच दोरीवर वाळत टाकली. दार उघडल्यावर मी भिंग लावून बघितलं. फिल्मवर सगळं उलट्या रंगाचं असतं, उजेड काळा, सावली पांढरी. जिनिंग होतं. यंत्रं होती. आणि छपराला पाय लावून एक पांढरा माणूस लटकत होता.

ताईंनी सादिकभाईंना शब्द दिला होता, आधी तुम्हाला दाखवू. दुपारी त्याच गोदामात भिंतीवर चादर लावली. हाताने फिरवायचा प्रोजेक्टर आहे आमचा, दांडी पुढे फिरवली की पुढे, मागे फिरवली की मागे. भाभी दाराशी बसल्या. मी पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर पळणार होते, पण ताईंनी दांडी फिरवायला सुरुवात केली.

काळं ऊन पडलेलं दार. सादिकभाई आत येतात, पांढऱ्या सावलीसारखे. चाक फिरतं. कॅमेरा वर बघतो, आणि छपरावर, डोकं खाली, तो माणूस पाठमोरा होत मागे मागे चालत निघतो. जमिनीवर असल्यासारखा. शिडी आली, शिडीवर मागे मागे गेला आणि शाफ्टापाशी नाहीसा झाला.

ताईंची दांडी थांबली. भाभींनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं.

सादिकभाई उठून चादरीजवळ गेले. मान वाकडी करून, जवळजवळ कमरेत वाकून बघत राहिले. "अजून एकडाव."

ताईंनी पुन्हा फिरवलं.

"खांदा पाहा. पाय उचलाच्या आधी खांदा उचलते." ते आमच्याकडे वळले नाहीत. "लक्ष्मण व्हय हा. तेल घाले शाफ्टाले."

मग त्यांनी स्वतःच सांगितलं, चादरीकडे तोंड करून. त्या दिवशी मुकादम नावं घेत होता. लक्ष्मणचं नाव आलं. लक्ष्मण पानठेल्यावर गेला असेल, हजेरी बुडेल बिचाऱ्याची, म्हणून सादिकभाईंनी मागून आवाज बदलून 'हाव' म्हटलं. पोरं हसली. पट्टा चढला. लक्ष्मण पानठेल्यावर नव्हता, वर फळीवर होता.

"म्या वर पाह्यलं नाही," ते म्हणाले. "मुंडकं उचलाचं होतं फक्त."

भाभी म्हणाल्या, "हे मले कधी सांगतलं नाही तुम्ही."

माझ्या तोंडातून तेव्हाच निघालं. "ताई, लाल रोल मी तपासला नव्हता. तुम्ही विचारलंत आणि मी न बघता हो म्हणाले. काल डोणगावला कळलं, तरी सांगितलं नाही. तुमचा शॉट गेला."

अंधारात ताईंचा चेहरा दिसत नव्हता. प्रोजेक्टरचा दिवा गरम होऊन त्याचा वास यायला लागला. मग त्या म्हणाल्या, "रोल काढ. टोक फिरवून, उलटा लाव."

मी लावला. ताईंनी दांडी फिरवली.

आता आमचं जिनिंग डोक्यावर उभं होतं. यंत्रं छपराला चिकटलेली, सादिकभाई वर पाय करून, मागे मागे चालत दाराबाहेर निघालेले. आणि मधोमध, सरळ, दोन पायांवर, लक्ष्मण. फळीवरून चालत आला. खांदा उचलून पाऊल, खांदा उचलून पाऊल. शिडीला हात लावला आणि एकेक पायरी खाली उतरला. जमिनीवर आला. हात सदऱ्याला पुसले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि कोणाच्या तरी हाकेला ओ दिल्यासारखे त्याचे ओठ हलले. एकच छोटा शब्द.

पुढे पट्टी संपली. पांढरा उजेड.

ती दसऱ्याच्या पूजेची फिल्म होती, लक्ष्मण मेला त्याच्या आधीची. मला ठाऊक होतं, ताईंनाही अंदाज आला असेल. सादिकभाईंना कोणी ते सांगितलं नाही.

सादिकभाई भिंतीला टेकून खाली बसले. "उतरला," ते म्हणाले. "उतरला बापा खाली."

त्या संध्याकाळी ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना भाकरी पुढे सरकवली, तेवढंच. झोपताना म्हणाल्या, "मी रागावले आहे. अजून दोन दिवस रागावणार आहे. मग ही फिल्म आहे तशीच लावू, डोक्यावर उभं जिनिंग आणि सरळ चालणारा माणूस. तू धुतलीस म्हणून तो वाचला, दुसऱ्या कोणी इतकी जुनी फिल्म रसायनात जाळून टाकली असती. पण सुनंदा, यापुढे मी विचारलं की आधी बघ. नसेल तर नाही म्हण. नाही म्हटल्याने मी तुला काजूत परत पाठवणार नाही."

मी तोंडावर चादर ओढून घेतली.

शनिवार

गॅसकटरवाले सकाळीच आले, अकोल्याकडचे चौघे जण, मोबाईलवर गाणी लावून. आमची बस दहाची होती. शूटिंगच्या दिवशी आत राहिलेली तिकाटण्याची पिशवी आणायला मी मागच्या छोट्या दाराने गेले. आत सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि रुई त्यात तरंगत होती.

मोठ्या दाराशी कुलूप खडखडलं. पलीकडून एक पोरगा म्हणत होता, "चाचा, खोला ना लवकर, ऊन होऊन राह्यलं."

"नाव सांगा आधी. चौघाईचे."

"काऊन?"

"सांग बे."

त्यांनी हसत नावं सांगितली. मग सादिकभाईंचा आवाज आला, नेहमीसारखा, फटीला तोंड लावून. त्या चौघांची नावं त्यांनी एकेक करून घेतली. चौघेही बाहेरच उभे होते, तिथूनच एकेकाने हाव म्हटलं. मी कान देऊन ऐकत होते. गनपत घेतलं नाही, कासम घेतलं नाही. लक्ष्मणचं नाव आलं नाही.

मग, थोडं थांबून, "सुनंदा."

मी आत आहे हे त्यांना कसं कळलं, मी अजून विचारलेलं नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कॅमेरा होता, चावी न दिलेला, आणि तो एकदाच, अगदी थोडा, घरघरला.

मी मान वर केली. शाफ्ट बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिडी बघितली. फळीवर लोंबणारी रुई मधोमध एका जागी हलत होती, कोणी नुकतंच तिथून गेल्यावर हलते तशी. तिथेही नीट बघितलं. फळीवर कोणी नव्हतं.

मग मी म्हणाले, "हाव."